माझ्या पितळेची सवत

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. लीड्समधल्या एका घरात, जिन्याखालच्या पोलादी कपाटात, दोन कुलपांच्या आड उभी असते. मला हात लावू नका, पण माझं गाऱ्हाणं ऐकायला हरकत नाही. गाऱ्हाणं सवतीचं आहे. मी मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर तुम्हाला कळणारच आहे.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा, १९७१ सालचा. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर पोलादाची नळी. अठरा वर्षांनी डॉक्टर चंद्रशेखर यांनी मला घरी आणलं. ते हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी भूल देतात. यॉर्कशरच्या माळावर एका शेतकऱ्याची रोपटी हरणं खात. ती हरणं आटोक्यात ठेवायचं काम तो डॉक्टरांना देई. दर हिवाळ्याला आम्ही दोघं जायचो. एकच गोळी, आणि हरणाला वेदना कळायच्या आत सगळं शांत. "हिच्यावर डोळे मिटून भरवसा," असं डॉक्टर म्हणायचे. मी ते वाक्य जपून ठेवलं होतं, माहेरची चोळी जपावी तसं.

मग शशीभाऊजी आले.

ते डॉक्टरांचे कॉलेजपासूनचे मित्र, मँचेस्टरला यंत्राचे सुटे भाग करणारे इंजिनियर. दर शनिवारी डायनिंग टेबलावर कागद पसरून बसायचे. "चंदू, तयार काडतूस कुणीही दुकानातून आणतो. आपण वाइल्डकॅट करू. कुठल्याही कारखान्यात न होणारं काडतूस, आणि त्याच्या मापाची नवी रायफल!"

"रानमांजर?" डॉक्टरांच्या पत्नी प्रमोदिनीबाई चहा ठेवत म्हणाल्या. "ते घरात आणून कुठे बांधणार, भाऊजी?"

"वहिनी, नाव आहे ते नुसतं. दुसऱ्या काडतुसाची पितळी केस, म्हणजे रिकामं नळकांडं घ्यायचं, त्याचा गळा दाबून बारीक करायचा, आणि आपल्या पसंतीची गोळी बसवायची."

दोन महिने निवड चालली. एकदा भाऊजींनी फारच बारीक गोळी काढली. ती इंग्लंडात हरणासाठी कायद्यात बसेना. एकदा इतकी दणकट, की डॉक्टरांचा खांदा निखळला असता. शेवटी साडेसहा मिलिमीटरवर दोघांचं एकमत झालं. आणि केस कुणाची? माझी! माझ्या पोटात तापलेली, मी डागून बाहेर टाकलेली, डॉक्टरांनी माळावरून वाकून वेचलेली केस. भाऊजींनी ती साच्यात घालून आवळली आणि पोरीचं कौतुक करावं तशी उजेडाकडे धरली. मी जात्यावर बसले असते तर ओवी आपोआप आली असती:

माझ्या गं कुशीचं पितळ, कुणी उचलून नेलं
न जन्मल्या सवतीच्या पाळण्याला जडवलं.

इतक्यावर थांबले असते तर मी सोसलं असतं. पण वाइल्डकॅटला ती बनवणारा नाव देतो, अशी रीत आहे. डॉक्टर लाजत म्हणाले, "मी म्हणतो, साडेसहा प्रमोदिनी ठेवू."

"अहो, काहीतरीच काय! हरणं मारायला माझं नाव?" बाई हसल्या, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पंधरा वर्षं या घरात राबले मी. मला कधी कुणी साधी हाक मारली नाही.

नवी रायफल गनस्मिथकडे घडत होती. परवान्यात पोलिसांनी तिची जागा करून दिली होती. भाऊजींना धीर निघेना. त्यांनी तिची दहा काडतुसं आधीच भरून आणली.

"जन्माच्या आधी कपडे शिवू नयेत हो," बाई म्हणाल्या.

"वहिनी, दोन हजार पाच साल आहे!"

ती दहा काडतुसं त्यांनी कुठे ठेवली असतील? श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात! आपल्या माणसांच्या घरी डबा फेकून देत नाहीत ना. परदेशात तर मुळीच नाही. त्याच डब्यात माझी काडतुसं होती, तोंड खाली, बूड वर. मध्ये टिश्यूची घडी घातली, झाकण लावलं, आणि डबा कुलपात गेला. दोघींच्या बुडावर छाप एकच, कारण पितळ एकच.

फेब्रुवारीतली रविवारची पहाट होती. दंव पडलं होतं. डब्यातली टिश्यूची घडी सरकली होती. डॉक्टरांनी हातमोज्यांनी पाच काडतुसं काढली, सवयीने बुडावरचा छाप वाचला आणि खिशात टाकली. माळावर तांबूस उजेड फुटत होता. ऐंशी पावलांवर हरणाची मादी उभी होती. बोल्ट सरकला आणि माझ्या पोटात काहीतरी परकं आलं. बारीक, सैल, खुळखुळणारं. ती होती! माझ्या घरात माझी सवत! मला बोलता येत नाही, मित्रांनो. चाप ओढला गेला. गोळी माझ्या नळीत भेलकांडत गेली आणि हात-दीड हात डावीकडे मातीत घुसली. हरीण पळालं, धडधाकट.

खरं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, आता कळेल त्यांना.

कळलं भलतंच. डॉक्टरांनी केस उचलून खिशात टाकली आणि तीन तास रक्ताचा थेंब शोधत माळ तुडवला. जखमी हरीण मागे सोडून घरी जाणारा माणूस नव्हे तो. घरी आल्यावर ओठ पांढरे होते.

"नळी झिजली हिची," शनिवारपासून मुक्कामाला असलेल्या भाऊजींनी दिवा लावून आत पाहिलं. "मी सांगत नव्हतो? म्हातारी झाली. शनिवारी गनस्मिथकडे देऊ, तो कापून टाकेल."

"एकदा निशाण्यावर तपासली असती."

"आणि पुढच्या वेळी हरीण अर्धमेलं झालं तर?"

डॉक्टरांनी मान हलवली. होकाराची.

चार दिवस मी कपाटात करवतीचा विचार करत होते. दुसऱ्याची गोळी, आणि कापणार मला. मी तिला इतके शिव्याशाप दिले, की तेल लावलेल्या पोलादावर गंज चढावा.

गुरुवारी प्रमोदिनीबाई धुण्यासाठी कोट उलटा करत होत्या. केस खणकन फरशीवर पडली. त्यांनी उचलली आणि तिथेच थांबल्या.

"अहो, इकडे या. हिचा गळा फाटलाय. आणि काळी किती झालीय! तुमच्या केसेस अशा कधी नसतात. पंधरा वर्षं खिसे मीच रिकामे करतेय."

डॉक्टरांनी केस हातात घेतली. कपाट उघडलं, डबा टेबलावर पालथा केला. नव्या काडतुसांची रांग लावली. नऊच भरली.

"प्रमू, हॉस्पिटलात लेबल नसलेली सिरिंज मी हातात धरत नाही. धरणाऱ्याला बाहेर काढतो." त्यांनी रिकामा डबा उचलून दाखवला. "आणि घरी श्रीखंडाचा डबा!"

"चूक डब्याची होती. शिक्षा हिला देत होतात."

रात्रीच्या जेवणाआधी फोन झाला. "शश्या, हिच्या पितळेची वाइल्डकॅट मला नको."

"अरे, नळी कोरायची हत्यारं मागवलीत!"

"परत कर. केस अशी निवड, की ती हिच्या पोटात शिरूच शकणार नाही. वेग कमी असला तरी चालेल."

एप्रिलमध्ये ती आली. तिचं पितळ निराळं, जाड बुडाचं. दोन डबे झाले, दोन्हींवर बाईंच्या अक्षरातली लेबलं. मला कुणी कापलं नाही.

मित्रांनो, घरात नवं खुशाल आणा. पण नेम चुकला की जुन्याच्या हाडांत दोष शोधायच्या आधी स्वतःचे खिसे झटकून बघा. आणि ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या डब्यावर लिहा. माणूस कितीही जपणारा असला तरी.

काल ते तिला घेऊन पावसात गेले होते. परत आल्यावर डॉक्टरांनी तिला तेलाच्या फडक्याने पुसलं. मग मलाही पुसलं, मी तर कपाटाबाहेर पडलेही नव्हते.

तिच्यावरून फडकं अकरा वेळा फिरलं. माझ्यावरून नऊ. मी मोजलं.