उचलून पाहिलेला यक्ष

मी एक यक्ष बोलतो आहे. गावातले लोक मला देव म्हणतात. त्यांचे मन मोडू नये म्हणून मी आजवर गप्प राहिलो. परंतु आत्मवृत्त सांगायला बसल्यावर आपली ओळख खरी सांगावी. शिल्पशास्त्रात आम्हांला भारवाहक यक्ष म्हणतात. खांबाच्या माथ्यावर बसून, दोन्ही हात वर करून छताच्या तुळईला आधार देणे, हे आमचे काम. मी दीड हात उंचीचा आहे. डोळे वटारलेले, गाल फुगलेले आणि पोट सुटलेले. हे पोट खाण्याने सुटलेले नाही. भार पेलणाऱ्याने श्वास कोंडून धरलेला आहे, हे माझ्या शिल्पकाराला दाखवायचे होते.

चांदा जिल्ह्यात, सावली गावाच्या पुढच्या रानात माझे मंदिर होते. कित्येक शतके मी तुळई पेलली. मग वडाची मुळे भिंतीत शिरली, छत कोसळले आणि मी सुस्थितीत गवतात येऊन पडलो. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले.

पुढे रानातल्या गोंड कुटुंबांनी मला पाहिले, पडक्या मंदिराच्या जोत्यावर बसवले, शेंदूर लावला आणि ‘ढेरीदेव’ असे नाव दिले. तेव्हापासून एक प्रथा पडली. सोयरीक जुळवायची असो, विहिरीची जागा ठरवायची असो, गावचा भूमक, म्हणजे देवाचे सारे करणारा, माझ्याखाली हात घालून प्रश्न विचारतो आणि मला उचलतो. सहज उचललो गेलो तर होकार, न हललो तर नकार. ज्याने जन्मभर भार उचलला, त्यालाच लोकांनी उचलून पाहावे, याचे मला अजूनही हसू येते.

एक गोष्ट मात्र येथे नोंदवतो. मी कधीही हलका किंवा जड झालेलो नाही. तो गुण दगडात नसतो. आजचा भूमक दसरू याच्या मनाला जे पटत नाही, ते त्याच्या हातांनाही उचलवत नाही, इतकेच. त्यात लबाडी नाही. त्याचे हात त्याच्या जिभेपेक्षा प्रामाणिक आहेत.

एकोणीसशे एकोणसाठच्या हिवाळ्यात पुरातत्त्व खात्याने आमच्या भग्न मंदिरापुढे निळी पाटी रोवली. नवा कायदा झाला होता. या आवारातली मूर्ती, कोरीव दगड, शिलालेख, काहीही परवानगीवाचून हलवणाऱ्यास तुरुंगवास होईल, असे तीवर लिहिले होते. पाटीबरोबर मुखरू नावाचा पहारेकरी आला. त्याला खाकी कोट मिळाला होता आणि उन्हातही तो अंगातून काढत नसे.

त्याच सुमारास बांबूचा ठेकेदार बिरजूशेठ याची माझ्यावर नजर पडली. मुखरू नदीवर अंघोळीला गेल्याचे पाहून तो मालमोटार घेऊन आला. गावकऱ्यांना त्याने पैसे दाखवले नाहीत. तो अधिक हुशार होता. म्हणाला, “दसरूभाऊ, मी जबरदस्ती नाई करत. तुमच्या देवालेच पुसा, येते काय म्हनून. पन तू उचलू नको, तुझा जीव आहे त्याच्यात. माझा चैतू उचलन.”

दसरूला हे न्याय्य वाटले. चैतू बांबूचे भारे वाहणारा हमाल. “देवा, येतेस काय?” असे म्हणून त्याने मला सहज छातीशी घेतले. दसरूचे डोळे भरले, पण देवाने दिलेला शब्द फिरवणे त्याच्या लेखी अशक्य होते. मी ओरडू शकत नव्हतो.

इतक्यात ओल्या अंगावर कोट चढवत मुखरू धावत आला आणि मोटारीपुढे उभा राहिला.

“कुठी नेऊन राह्यले, शेठ?”

“देवानंच हो म्हटलं, भाऊ. गावाले पूस.”

“म्हटलं असन. पन सायबानं नाई म्हटलं. मी दोघाईचा नोकर आहो, पन हा कोट सायबानं देल्ला.”

“एका गोट्यासाठी कोनी जेलात जाते काय?”

“या पाटीच्या आतला गोटा असन तं जाते.”

आश्चर्य असे की मुखरूला अडवले ते दसरूनेच. “बाजूले हो, मुखरू. देवाच्या शब्दाआड येऊ नको.”

तेव्हा दसरूची बायको सोमारी पुढे आली. “हमालाले म्हैस द्या, तिलेबी फुलावानी उचलन,” ती म्हणाली. “आन् पुसलं काय? ‘येतेस काय.’ कुठी, हे सांगतलं काय त्याले? जत्रेले नेतो म्हनून वाटलं असन बिचाऱ्याले.”

लोक हसले. दसरू मात्र हसला नाही. त्याने बिरजूशेठकडे वळून विचारले, “कुठी नेता, शेठ?”

“मुंबईले,” शेठ चाचरला. “मंग... जहाजानं पुढं. मोठ्या लोकाईच्या दिवानखान्यात राहीन तो.”

दसरूने मला पुन्हा जोत्यावर ठेवायला लावले. “चैतू, आता नीट पूस. समुद्रापल्याड जायचं हाये, वापस यायचं नाई. गाव दिसनार नाई, रान दिसनार नाई. येतेस काय?”

चैतूने ते शब्द एकेक करून उच्चारले. मग माझ्याखाली हात घातले. माझे वजन गुंजभरही वाढले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. पण चैतूचे हात वर आलेच नाहीत. त्याने मान वळवून शेठकडे पाहिले आणि हात काढून घेतले.

“नाई उठत, शेठ.”

“नाटक करतेस काय?”

“तुमी उचलून पाहा,” चैतू म्हणाला आणि मोटारीत न बसता पायीच निघाला.

शेठने उचलून पाहिले नाही. मुखरूने मोटारीचा क्रमांक टिपून खात्याला कळवला, तेव्हा चौकशीसाठी नागपूरहून साहेब आले. सगळे ऐकून त्यांनी मला सिमेंटने जोत्याला पक्के करण्याचा विचार बोलून दाखवला. त्यावर दसरू हात जोडून म्हणाला, “सायेब, मंग तं देव सगळ्यालेच नाई म्हनन. पोरीईचे लग्न कसे होतीन?” साहेब खूप वेळ हसले आणि म्हणाले, “जोत्यावरच उचला, जोत्यावरच ठेवा. त्याला कायदा चोरी म्हणत नाही.”

आता माझे उत्तम चालले आहे. एका खांद्यावर सरकारी क्रमांक, दुसऱ्यावर शेंदूर. दोन्ही मला शोभतात. कायदा माझ्या दाराशी उभा आहे याचे मला समाधान आहे. पण त्यालाही अंघोळीला जावे लागते. म्हणून, वाचकहो, कोणी जुना दगड मोटारीत घालताना दिसला, तर ‘कुठे नेता?’ एवढे जरूर विचारा.

आणि सावलीकडे आलात तर मला भेटा. मुखरूला सांगून, हवे तर उचलूनही पाहा. खाली ठेवताना मात्र माझे तोंड पूर्वेला करा. सोमारी त्याबाबतीत फार काटेकोर आहे.