एक तुकडा कापला तर

जगन्नाथकाकांनी सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये नीलांबरीचंच वाक्य तिच्या तोंडावर फेकलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तूच मराठी मंडळातल्या भाषणात म्हणालीस ना? रानाचा छोटा तुकडा एका वर्षी फुलतो, एका वर्षी वाळतो, पण सगळा परिसर धरला तर स्थिर राहतो! मग आमचा एवढासा तुकडा कापला तर काय आकाश कोसळणार आहे?"

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या त्यांच्या टाउनहाऊसांच्या मागे, ओढ्याकाठी, कमरेएवढं रानगवत होतं. त्यात मिल्कवीडची झुडपं, आणि फक्त त्याच्याच पानांवर जगणाऱ्या मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या. काकांना तिथे फक्त टिक्स, रक्त पिणाऱ्या गोचिडी, दिसायच्या. रिटायर्ड इंजिनिअर, असोसिएशनचे प्रेसिडेंट. घरात कुत्रं विचारत नाही, म्हणून इथे हुकूम सोडायचे.

"अर्ध्या हळकुंडानं पिवळे होऊ नका, काका!" नीलांबरी कडाडली. युनिव्हर्सिटीत ती असल्या रानांवरच रिसर्च करत होती. "एक तुकडा वाळतो तेव्हा शेजारचा फुललेला असतो, म्हणून एकूण टिकतं. शेजारचे उभे असले तरच!"

"आहेत की! या ओढ्यावर सहा सोसायट्या आहेत."

"यार, कापून टाका ना, पोरं खेळतात तिथे," शेजारचा सिद्धेश म्हणाला. भराभर हात वर झाले. नीलांबरीच्या बाजूनं एकही नाही. मेले सगळे एका माळेचे मणी!

शनिवारी मशीन फिरलं. चिरडलेल्या पानांतून नीलांबरीनं जिवंत अळ्या वेचल्या, डब्यात घातल्या आणि ओढ्याच्या कडेनं शेजारच्या सोसायटीकडे निघाली. तिथल्या मिल्कवीडवर सोडल्या तर निदान एवढ्या तरी जगतील.

शेजारी सपाट. त्याच्या पुढेही सपाट. सहाव्या सोसायटीपर्यंत ती जवळजवळ धावतच गेली. तिथेही नुकतंच कापलेलं गवत वाळत पडलं होतं. तिनं काकांना फोन लावला.

"अगं, ग्रुप बुकिंग केलं!" काका खुशीत होते. "एकच कॉन्ट्रॅक्टर, सगळ्यांचं एकाच आठवड्यात. तुझ्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला सगळ्या प्रेसिडेंटना. एकानंही हुज्जत घातली नाही."

"आणि या अळ्या, काका? या कुठे सोडू मी?" तिला रडू फुटलं.

"एवढं काय त्यात? बघ की पुढच्या सोसायटीत."