सव्वा मणाची करवत

सदुसष्टच्या श्रावणात पुतण्याचं, मानसिंगचं, सांगलीहून पत्र आलं आणि तीन आठवडे मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याची लाकडाची वखार. लिहिणंही वखारीसारखं रोखठोक. 'ती. काका, आबांची साखळीची करवत भंगारात घालतोय. गणपतीआधी ट्रक येईल. उत्तर आलं नाही तर होकार धरतो.'

त्याला माझा स्वभाव ठाऊक. मी जन्मभर गप्प राहूनच होकार देत आलो.

आबा म्हणजे त्याचे वडील, माझे थोरले बंधू. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करी लिलावात त्यांनी ही करवत घेतली. सव्वा मण वजन. एकानं इंजिनाकडे धरायची, दुसऱ्यानं टोकाची मूठ. ती मूठ आबांनी मला कधी दिली नाही. "तू वाच," म्हणायचे. ते गेल्यावर बारा वर्षं करवत पाचगणीला माझ्या पडवीत गंजत होती.

मानसिंगची नवी करवत मी पाहिली होती. एकटा माणूस उचलतो, दोरी ओढली की चालू. खोटं कशाला बोलू, हेवा वाटला. पण भंगार? चालत नाही ते भंगार, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते जमेल, असं मात्र मलाच वाटत नव्हतं.

जोतिबा सुताराला बोलावलं.

"आवं मास्तर, ही करवत हाय का इहिरीवरचं इंजान?"

"आता पुस्तकात बघून लाकडं तोडनार व्हय?" आतून आमच्या स्वयंपाकाच्या सुलाबाई.

कार्बोरेटर रॉकेलनं धुतला, प्लग बदलला, साखळी चार दिवस तेलात भिजवली. ती चढवली जोतिबानं. सुताराची करवत ओढताना कापते, म्हणून दात आपल्याकडे. त्यानं साखळीचे वरचे दात आपल्याकडे केले. मलाही ते रास्त वाटलं.

अकराव्या ओढीला इंजिन धडधडलं. अंगणात पडलेल्या जांभळाच्या ओंडक्यावर करवत टेकवली. धूर निघाला, लाकूड काळं पडलं, भुसा चिमूटभर नाही.

"मेली ही. द्या पुतण्याला," जोतिबा म्हणाला.

मी साखळी हातानं फिरवत बसलो. वर माझ्याकडे बघणारा दात खाली गेला की पाठ फिरवत होता. आणि लाकडाला लागतात ते खालचे दात.

"जोतिबा, साखळी उलटी चढव."

"चाळीस वर्सं करवत वडतोय मी, मास्तर."

"तुझी करवत गोल फिरत नाही. उलटी चढव."

एवढ्या जोरात मी कुणाशी बोललो नव्हतो. सुलाबाई दारात आल्या.

इंजिन जोतिबानं धरलं, टोकाची मूठ मी. दात लाकडात बसले आणि जोतिबाच्या पायांवर भुशाचा ढीग पडू लागला. हात खांद्यापर्यंत थरथरत होते. मी सोडलं नाही. ओंडक्याचे दोन तुकडे झाले.

"लय झ्याक, गड्या!" जोतिबा ओरडला आणि जीभ चावली.

त्याच हातांनी पत्र लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, बदललं नाही.

'चि. मानसिंग यास अनेक आशीर्वाद. तुझी करवत हलकी, तिला एक माणूस पुरतो. आमची जड, धूर ओकणारी, दोन माणसं मागणारी. दोन माणसं इथे आहेत. करवत देणार नाही. ट्रक पाठवलास तर रिकामा परत येईल.'

शेवटचं वाक्य फार झालं का, असा विचार टपालपेटीपर्यंत करत गेलो. मग पाकीट आत टाकलं.