नववीचा वर्ग खाली आला

पायलला चालता येत नव्हतं. नववीचा वर्ग माडीवर भरायचा, म्हणून बेबीनंदा चाकाची खुर्ची खालीच ठेवून लेकीला पाठीवर घेऊन जिना चढायची. पोरी बघायच्या, तशी पायल लाजेनं चूर व्हायची.

एकदा भोकरदनहून दिव्यांग मुलांच्या विशेष शिक्षिका आल्या. "वर्ग खाली मागणं हा तुमचा हक्क आहे, तसा कायदाच आहे," त्या बेबीनंदाला म्हणाल्या.

बेबीनंदा मुख्याध्यापकांकडे गेली.

"एका पोरीसाठी अख्खा वर्ग हलवू?"

"ती बी वर्गातलीच हाये ना, सर? कायदा बी तेच म्हणून राह्यला."

सरांनी खालची खोली रिकामी करायला सांगितली. सोमवारी बाकं खाली आली.

पायलनं चाकाची खुर्ची स्वतःच वर्गाकडं वळवली. बेबीनंदा ढकलायला धावली.

"मी जाते. तू जाय घरी."

बेबीनंदाला हसू बी आलं अन् रडू बी.