मूळ कुठलं, टोक कुठलं

धाकट्या जावेने केस कापून दिले, त्यात तिचा फायदा काय ते आधी बघू. न्हाल्यावर अर्धा दिवस केस वाळवत बसणं सुटणार होतं. मोरीच्या जाळीत अडकलेल्या गुंत्यावरून होणारी बोलणी थांबणार होती. पण खरी कमाई पुढेच होती: थोरली जाऊ तिच्या केसांवर मिरवणार, आणि ते कोणाचे हे घरीदारी सगळ्यांना माहीत असणार. एवढा मोठेपणा कंबरेपर्यंतच्या केसांच्या बदल्यात स्वस्तच म्हणायचा.

थोरली शाळेत भूगोल शिकवायची. आजार हटला होता, पण औषधांनी डोक्यावर एक केस ठेवला नव्हता. शाळा उघडायच्या आत तिला विग हवा होता. रुमाल बांधून जा, असं नवऱ्याने सुचवून पाहिलं.

"सातवीची पोरं आहेत ती," थोरली म्हणाली. "नकाशावर काठी फिरवू, की एका हाताने रुमाल धरू?"

विगवालीने निरोप पाठवला होता की केस दुकानात येऊनच कापा. पण दुकानात बघायला कोण येणार? धाकटीने ते घरी कापले, सगळे जमल्यावर, बैठकीच्या खोलीत मधोमध बसून, शिवणाच्या कात्रीने. वेणी सोडून मोकळे केले, कारण मोकळे केस जास्त दिसतात. वर पंखा चालू होता. सासूबाई "अगं, अगं" करत खोलीभर धावल्या आणि हाताला लागतील तसे केस त्यांनी उशीच्या अभ्र्यात कोंबले. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीला वाटलं, वसुली सुरू झाली.

विगवालीने अभ्र्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"मूळ कुठलं, टोक कुठलं?"

"केस ते केस," धाकटी म्हणाली. "दोन्हीकडून सारखेच की."

"सारखे असते तर माझा धंदाच नसता, ताई. केसावर खवले असतात. छपरावरच्या कौलांसारखे, एकावर एक, सगळे टोकाकडे उतरलेले. डोळ्यांना दिसायचे नाहीत. सगळे केस एका दिशेने लावले की एकमेकांवरून घसरतात. निम्मे उलटे लागले की खवल्यात खवला अडकतो. दोनदा धुतलात की डोक्यावर घरटं."

"मग ते खवलेच काढून टाका."

"काढतात ना, कारखान्यात. तेजाबात बुडवायचं, वरून लेप द्यायचा. दुकानात असा चमकतो की बघत राहावं. लेप धुऊन गेला की खराटा."

तिने एक केस अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पुढे-मागे चोळला. केस हळूहळू एका बाजूला चालायला लागला.

"ज्या बाजूला चालतो तिकडे मूळ. असे लावून आणा, मी बांधून देते. एकेक केस चोळायला माझ्याकडे माणसं नाहीत."

जेवायच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून तिघी बसल्या. सासूबाई केस मधोमध धरत आणि तो चालला की, "निघाला बघ माहेरी," म्हणत. थोरली शिक्षिका, तिची पद्धत ठरलेली: केस एका टोकाशी धरायचा आणि चोळायचा. पहिला चालला. दुसरा जागचा हलला नाही. तिसरा नाही. चौथा चालला, पुढचे दोन नाहीत.

तिने चष्मा काढून ठेवला.

"आई, तुमच्या बोटांत चालतात का सगळे?"

"चालतात की बहुतेक."

थोरली आपल्या बोटांकडे बघत राहिली. औषधांनी बोटं बधिर होऊ शकतात, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तिने टेबलाची कड चाचपली, मग चादरीची शिवण.

"केसांचं एक वेळ जाऊ दे गं," ती धाकटीला म्हणाली. "पण बोटंच मेली असतील तर खडू कसा धरू मी?"

तिने हात मांडीवर उताणे ठेवले. धाकटीने ते पाहिलं. गप्प बसली असती तर तिचा मोठेपणा शाबूत होता. केस हळूहळू, रडतखडत का होईना, लागले असते.

"ताई, बोटं धड आहेत तुमची," ती म्हणाली. "केस मेलेत."

"म्हणजे?"

"टोकाकडचे भाजलेत. तुमच्या स्ट्रेटनरने."

केस सरळ करायचा हा थोरलीचा चिमटा धाकटीच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी जळाला होता. सासूबाईंनी त्याने रुमालांना इस्त्री केली म्हणून जळाला, असं घरात ठरलं होतं. त्यांनी एकदा सर्दावलेल्या काडेपेट्या ड्रायरने वाळवल्या होत्या, त्यामुळे पुराव्याची गरज कोणाला पडली नव्हती.

"तो तर आईंनी..." थोरली म्हणाली.

"आईंनी नाही."

"मी म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या आणि पुढचा केस उचलला.

"माहेरी कार्यक्रम होता. घाई होती. ओल्या केसांवरच फिरवला, पूर्ण तापवून. चर्रर्र झालं, वाफ आली, वास आला. केस खरखरीत झाले तेव्हापासून मी वेणीच घालत आले."

"ओल्या केसांवर!" थोरलीला चिमटा जळाल्यापेक्षा याचाच धक्का बसलेला दिसला. मग तिने एक केस उचलून दोन बोटांतून लांबवर ओढला. एकीकडे रेशीम, दुसरीकडे सुतळी. "अगं बाई, मग चोळत कशाला बसायचं? खरखरीत ते टोक!"

त्यानंतर काम भराभर उरकलं.

विगवालीने जुडी हातात घेतली, खालचा भाग चाचपला आणि छाटून टाकला.

"इथून खाली खवले शिल्लकच नाहीत. वरचा चांगला भाग महिन्याला अर्धा इंच वाढला धरला तर भाजून चारेक वर्षं झाली असतील." हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. धाकटी रस्त्यावरची गाडी बघत होती.

विग खांद्यापर्यंतच झाला. शाळेत एका पोराने विचारलं, "बाई, केस कापले?" थोरली म्हणाली, "हो," आणि नद्या शिकवायला लागली.

आता भरलं कोणी ते बघू. थोरलीला डोकं आणि बोटं दोन्ही मिळाली, ती फायद्यात. धाकटीची वेणी गेली आणि मोठेपणाही. विगचं कौतुक निघालं की कोणीतरी स्ट्रेटनर काढतंच. पण "आईंच्या हातात यंत्र देऊ नका" हे चार वर्षं ऐकून घेतलं ते सासूबाईंनी, आणि त्याची भरपाई कोणाला सुचली नाही. धाकटीने नवा स्ट्रेटनर तेवढा आणून दिला. तो सासूबाईंच्या कपाटात कुलपात असतो. त्या त्याने रुमालांना इस्त्री करतात.