श्यामलाक्काला अक्षत

सुखदाला लग्न समुद्रकिनारीच करायचं होतं. साल सत्त्याण्णव. तिचा होणारा नवरा श्रीहर्ष उडुपीजवळच्या मलप्याकडचा. त्याच्या मामाची नारळाची बाग थेट वाळूला लागलेली. प्रमोदिनीने लेकीला नाना सबबी सांगून पाहिल्या. वाऱ्यात होम टिकायचा नाही, म्हाताऱ्यांचे पाय रुततील, बंगळूरहून सगळी माणसं तिकडे न्यायची कशी? खरं कारण मात्र तिच्या तोंडून निघेना.

मार्चातल्या एका रविवारी सुखदा आणि श्रीहर्षने बंगळुरातल्या येलहंक्याच्या घराच्या गच्चीवर खडूने बेत आखला. कठड्याजवळ नागमोडी रेघ, तो समुद्र. मध्ये चौकोन, तो मांडव.

"आई, तू इथे उभी राहणार. पाठीमागे पाणी!" सुखदा म्हणाली.

"सरी, बरं," एवढंच म्हणून प्रमोदिनी खाली गेली.

दुपारी वाळवण काढायला ती एकटीच वर आली. फरशीवर पाय भाजत होते. आणि समुद्राच्या रेघेपासून मांडवाच्या चौकोनापर्यंत ओली पावलं उमटली होती. अरुंद, बायकी, डाव्या पायाची करंगळी टेकलेलीच नाही. तिच्यादेखत ती वाळली आणि जागोजाग पांढरं मीठ फुललं.

ते पाऊल तिने ओळखलं. तिने सुखदाला हाक मारली.

सुखदा धावत आली तेव्हा प्रमोदिनीने पहिल्यांदाच तिला आपल्या थोरल्या बहिणीबद्दल, श्यामलाक्काबद्दल सांगितलं. लग्न ठरल्यावर अक्का मैत्रिणींबरोबर मलप्याला गेली आणि लाटेने ओढून नेली. प्रेत मिळालं नाही.

"आप्पा म्हणाले, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझ्या मुलीचे दिवस करणार नाही. आप्पा गेले, आई गेली. ते राहूनच गेलं."

"मग आपण इथेच हॉल घेऊ," सुखदा घाबरून म्हणाली.

"नको गं. ती घरापर्यंत चालत आली. आता तिच्यापासून लपायचं कुठे? तिथेच कर."

भटजींनी बजावलं, "बाई, तिचं कार्य आधी उरका. एकदा घरात मंगल झालं की वर्षभर पिंडदान करता यायचं नाही."

"थांबेल ती वर्षभर. आधी लग्न बघू दे तिला, अण्णा."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी प्रमोदिनी गुडघाभर पाण्यात शिरली. "अक्का, सुखदाचं लग्न आहे. ये हं," म्हणत तिने अक्षत सोडली. एकही दाणा लाटेबरोबर हलला नाही. कुणी ओंजळ धरावी तसे सगळे तांदूळ एका जागी खाली गेले.

लग्न छान पार पडलं. जेवणं झाल्यावर सुखदा म्हणाली, "आई, मुंडावळ्या बांधताना तुझे हात किती गार होते!"

मुंडावळ्या बांधल्या तेव्हा प्रमोदिनी बागेत पाहुण्यांना पन्हं देत होती. लेकीच्या कपाळावरून तिने नुसता हात फिरवला.

नवरा आधीच गेलेला, आता लेकही सासरी गेली. येलहंक्याला ती एकटीच परतली. हळूहळू ती स्वयंपाक करताना मोठ्याने बोलू लागली. लहानपणच्या गोष्टी, शेजारपाजारच्या तक्रारी, सुखदाची ख्यालीखुशाली. कधी कधी मध्येच गप्प बसून ऐकायची आणि हसायची.

वर्ष उलटलं. भटजींचा फोन आला. "बाई, तिथी बघू ना आता?"

आतल्या खोलीत कुणीतरी ओले केस झटकले. प्रमोदिनीने रिसीव्हरवर हात ठेवून क्षणभर तिकडे पाहिलं.

"स्वल्प थांबा, अण्णा," ती म्हणाली. "एवढ्यात नको."