यादीत नसलेल्या नावाची ढाल

मी एक ढाल बोलतेय. लढाईतली नव्हे, सत्कारातली. सागवानी फळी, तिच्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर एक तराजू आणि तराजूखाली एक नाव. माझ्या जातीच्या ढालींना तलवारीचा घाव कधी लागत नाही. आम्हाला माहीत असतात त्या टाळ्या, शाल-श्रीफळ आणि त्यानंतरची धूळ. माझ्या वाट्याला टाळ्याही आल्या नाहीत. असं का झालं, ते आज सांगून टाकते, कारण उद्या सकाळी मला परत जायचं आहे.

माझा जन्म नवी मुंबईतला, पावण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतला. तिथे एका गाळ्यात धनेश नावाचा कारागीर नावं कोरतो. सोसायट्यांच्या क्रिकेटचे कप, शाळांची पदकं, निवृत्तीच्या पाट्या, सगळं त्याच्याच हातचं. आम्ही कोऱ्या ढाली भिंतीला टेकून उभ्या असायचो. दुपारी छपराच्या भोकांतून उन्हाचे कवडसे उतरले की मला हमखास डुलकी लागायची. त्या डुलकीत मी वाटेल त्याची व्हायचे. कधी एखाद्या गायिकेची, कधी पोहून खाडी पार केलेल्या मुलीची. वकिलाची होईन असं मात्र स्वप्नातही आलं नव्हतं.

मग बेलापूरहून ऑर्डर आली. तिथलं एक वकील मंडळ दरवर्षी पाच विश्वासू वकिलांची यादी काढतं. मंडळाच्या गीतांजलीबाईंनी फोनवर पाच नावं पाठवली आणि खाली लिहिलं की ही कच्ची यादी आहे, नावं फक्त तपासून ठेवा. धनेशने नावं तपासली आणि लागलीच कोरूनही टाकली. त्याच्याकडे आलेलं नाव कोरल्याशिवाय राहत नाही. सुई फिरली तेव्हा मला आधी गुदगुल्या झाल्या आणि मग एकदम जाग आल्यासारखं वाटलं. माझ्यावर तराजू उमटला होता आणि त्याखाली नाव: ॲड. चंदा तुळशीराम कोळी.

बेलापूरच्या कचेरीत मला टेबलावर ठेवलं तेव्हा निवड अजून चालूच होती. निवडणारे तिघे. अध्यक्ष जयप्रकाशसाहेब, केस पांढरे आणि आवाज मऊ. गीतांजलीबाई, हसऱ्या आणि घाईच्या. आणि रूपेश, ज्याला नियमावली तोंडपाठ होती.

निवड कशी होते ते तिथे मला कळलं. वकिलाने अर्ज भरायचा. त्यात आपले गाजलेले निकाल लिहायचे आणि ज्यांच्याविरुद्ध आपण उभे राहिलो अशा तीन वकिलांची नावं द्यायची. आपल्या कचेरीतला माणूस चालत नाही, नातेवाईक चालत नाही, पक्षकार तर मुळीच चालत नाही. मग मंडळ त्या तिघांना फोन लावून एकच प्रश्न विचारतं: उद्या तुमच्यावरच केस झाली, तर वकीलपत्र यांना द्याल का? तिघांनी हो म्हटलं तरच नाव पक्कं. मला ही रीत आवडली. स्तुती करायला मित्र कुणालाही मिळतात.

चंदाबाईंच्या अर्जात निकालांचा रकाना रिकामा होता. बावीस वर्षं वकिली केलेल्या बाई, पण त्यांचं प्रकरण निकालापर्यंत पोचायचंच नाही. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायच्या, चहा पाजायच्या, बोलतं करायच्या आणि भांडण मिटवूनच उठवायच्या. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, ‘कोर्टाच्या बार रूममध्ये मला तडजोडवाली म्हणतात. एकदा आपल्या माणसांनी मला वकिलांत मोजावं, एवढीच इच्छा आहे.’ गीतांजलीबाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली तेव्हा माझ्या पत्र्याला घाम फुटला. खरं म्हणजे ती खाडीवरची दमट हवा असेल.

पहिल्या दोघांनी हो म्हटलं. तिसरे आशुतोष, चंदाबाईंच्या विरुद्ध अकरा वेळा उभे राहिलेले. जयप्रकाशसाहेबांनी फोन स्पीकरवर टाकून प्रश्न विचारला.

“द्याल का म्हणजे?” आशुतोष म्हणाले. “दिलंय की, मागच्या वर्षीच. माझं नि धाकट्या भावाचं घरावरून फाटलं होतं ना, बाईंनीच सांधलं. आता गणपतीत एका पंगतीला बसतो आम्ही. अजून काय सांगू साहेब?”

जयप्रकाशसाहेबांनी फोन ठेवला.

“पक्षकार झाले ते,” रूपेश म्हणाला. “मत बाद.”

“अरे, याच्याहून चांगलं उत्तर असतं का?” गीतांजलीबाई म्हणाल्या.

“नसतं,” जयप्रकाशसाहेब म्हणाले. “पण आज नियम वाकवला तर उद्या जो तो आपले पक्षकार घेऊन येईल. टेन्शन मलाही आलंय, पण नाही जमणार.”

पाचवी जागा अभिराम नावाच्या वकिलाला गेली. एका कंपाउंडच्या भिंतीवरून ते एकोणीस वर्षं लढले होते आणि त्या भिंतीचे चार निकाल त्यांच्या नावावर होते. त्यांच्यासाठी नवी ढाल घडली. मला राग आला, लपवत नाही. पण माणूस वाईट नव्हता. भिंत मात्र भलतीच चिवट असावी.

आणि मी? कोरलेलं नाव पुसता येत नाही आणि जयप्रकाशसाहेबांना मला टाकवेना. त्यांनी मला आपल्या काचेच्या कपाटात ठेवलं. तिथे माझं आयुष्य पुन्हा डुलक्यांत गेलं. दिवसभर काचेवरून ढग सरकायचे आणि मला वाटायचं, मीच सरकतेय. कधी स्वप्नात टाळ्या ऐकू यायच्या; जाग आली की ते कबुतर असायचं.

साहेब रोज सकाळी पुस्तक काढायला कपाट उघडायचे आणि रोज ते नाव वाचायचे. त्यांची बहीण अरुणा नेरूळला राहते. आईच्या घरावरून दोघांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. एका सकाळी त्यांनी नाव वाचलं, पुस्तक काढलंच नाही, आणि चंदाबाईंना फोन लावला. हे माझ्यामुळेच झालं असं मी मानते. मानायला काय जातंय? दोन महिन्यांनी अरुणाताई स्वतः कचेरीत आल्या, भावाच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, कपाट किती घाण रे तुझं.” मग त्यांनी पदराने माझी धूळ पुसली.

वर्ष फिरलं. चंदाबाईंचा अर्ज पुन्हा आला. या वेळी तिन्ही विरोधी वकिलांनी हो म्हटलं. मी कपाटात जागी झाले, अगदी टक्क. आता राहिल्या मंडळाच्या सह्या. तिघांपैकी दोघांच्या तरी लागतात.

जयप्रकाशसाहेबांनी पेन उघडलं आणि तसंच मिटलं. “मला सही करता येणार नाही. मी त्यांचा पक्षकार आहे.”

रूपेशने गीतांजलीबाईंकडे पाहिलं. त्या टेबलाकडे बघत होत्या.

“मीपण,” त्या म्हणाल्या. “दिवाळीनंतर. सासूबाईंचं नि माझं.”

“म्हणजे माझी एकट्याची सही?” रूपेश म्हणाला. “एक सही पुरत नाही हो.” इतक्या हळू आवाजात नियम सांगताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

आज दुपारी चंदाबाई आल्या. सावळ्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीवर काळा कोट. यादी त्यांनी वाचली होती.

“साहेब, एकदा सांगा, माझं कमी काय पडलं?”

जयप्रकाशसाहेबांनी सगळं सांगितलं. आशुतोषांचा फोन, स्वतःचं मिटलेलं पेन, गीतांजलीबाईंची खाली गेलेली मान. मग कपाट उघडून मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नाव वाचलं, एकदा आणि पुन्हा. डोळे भरले तसे त्या हसल्याही.

“एक दिवस घरी नेऊ का हिला? उद्या सकाळी आणून देते. यादीत नाय ना मी, मग ठेवायची कशी?”

म्हणून आज संध्याकाळी मी शेजारच्या दिवाळे गावात, चंदाबाईंच्या घरी आहे. बाहेर जाळी वाळत पडली आहेत, खाडीवर तांबूस धुकं उतरलंय, आणि मी चंदाबाईंच्या वडिलांच्या मांडीवर आहे. तुळशीरामबाबांनी आयुष्यभर मासेमारी केली, अक्षर कधी शिकले नाहीत. ते अंगठा नावावरून फिरवताहेत.

“काय लिवलंय?”

“माजं नाव, बाबा. नि तुमचंपन.”

“कोनी दिलं?”

“दिलं नाय कोनी. उंद्या परत द्यायचं हाय.” मग चंदाबाईंनी त्यांना सगळी हकीकत सांगितली: कोण कोण आपल्याकडे भांडण घेऊन आलं आणि म्हणून कुणाकुणाला आपल्यासाठी हो म्हणता आलं नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. अंगठा एका अक्षरावर थांबला.

“म्हंजे यादी करनारंच तुज्याकडं आलं,” ते म्हणाले. “मंग आजून कोनी मोजायचं रायलंय?”

चंदाबाईंनी कोट काढून खुंटीला टांगला आणि बाबांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

आणि मी, जिला टाळ्या हव्या होत्या, त्या खरखरीत अंगठ्याखाली पडून आहे. कपाटात परत जायला माझी ना नाही. नियम तो नियम. फक्त एक विनंती आहे, चंदाबाई. उद्या जरा उशिरा निघा.